घरी केलेले स्टिकर : वाक्य काय लिहू, कुठं लावू, उन्हात टिकतील का? (सोलापूर)

पॅकिंगखातं :

नमस्कार. मी सोलापूरची, वय २९. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. घडी घालायची, पिशवीत सरकवायचं, वर लेबल दाबायचं, दिवसभर हेच. मला मुली आवडतात. हे अख्ख्या गावात दोघींना माहितीय, त्यातली एक मी.

मागच्या वर्षी आमच्याकडं लेबलाचं माप बदललं. कोऱ्या स्टिकर पेपरचे दोन गठ्ठे, ए-फोर, रद्दीत निघाले. मी विचारून घरी आणले. सुपरवायझर म्हणाले, काय करणार गं एवढ्याचं? म्हटलं, भाचीला वह्यांवर लावायला. भाची आहे, तेवढं खोटं नाही. भावाचा जुना इंकजेट प्रिंटर घरात पडून होता. त्याला रात्रपाळी असली की मी छापते आणि कात्रीनं कापते. एका पानात चोवीस बसतात, काडेपेटीएवढे.

पहिल्या खेपेला नुसता सहा रंगांचा पट्टा काढला, आमच्यासारख्यांच्या इंद्रधनुषी झेंड्याचा, अक्षर एक नाही. म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांना कळून काय करायचंय. बारा लावले.

शेअर रिक्षाच्या मागं एक लावला, ड्रायव्हरमामांना विचारून. ते म्हणाले, "बालवाडी कुठं काढली ओ मॅडम?" एक माझ्या डब्यावर लावला, तर पॅकिंगमधल्या एकीनं विचारलं, हा कुठल्या पार्टीचा झेंडा. पार्क चौकाजवळ बसथांब्याच्या खांबावर एक होता. तिसऱ्या दिवशी बघते तर त्याच्या खाली निळ्या बॉलपेननं, फळ्यावर लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलंय : "पारवा राहिला."

तानापिहिनिपाजा! शाळेत घोकलेलं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. माझ्या पट्ट्यात पारवा नाही, रंग सहाच. बहुतेक कुणी रिटायर मास्तर असणार. बसची वाट बघत उभे राहिले, रंग मोजले, एक कमी भरला, खिशातून पेन काढलं. मी तिथं एकटीच हसत उभी, माझी बस निघून गेली. घरी गेल्यावर मात्र वाईट वाटलं. बारा स्टिकरांना मिळून उत्तर आलं एक, तेही मास्तरांचा शेरा.

मग मृगाची पहिली सर आली आणि उरलेल्यांचे रंग एकमेकांत उतरले. चहा सांडल्यासारखे डाग राहिले नुसते.

तर आता शब्द लिहायचं ठरवलंय आणि तिथंच गाडी अडलीय. "तू एकटा नाहीस" लिहिलं तर त्यात मीच नाही. "एकटी" लिहिलं तर निम्मे गेले. "एकटा/एकटी" लिहिलं की रेशनकार्डाचा फॉर्म. "समलिंगी" लिहिलं की आरोग्यखात्याचा बोर्ड वाटतो. आपल्याकडं शब्द आहेत ते एकतर सरकारी, नाहीतर शिवी. दुसरं म्हणजे लावायचं कुठं, पोलीस धरतात का? आणि तिसरं सोलापूरचं ऊन. माहितगारांनी सांगा. मोर्च्यात चालणं मला जमणार नाही, तोंड दाखवणंच जमणार नाही, म्हणून तर स्टिकर.


नळकोंडाळं :

गावाला चार दिवसाआड पाणी येतं. आधी त्याचा स्टिकर काढा.


पॅकिंगखातं :

काल आलं होतं. पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला आणि मगच वरचं लिहायला बसले. तुमचा पण काढते की. वाक्य सांगा.


नळकोंडाळं :

"चावीवाला कुठं हाय?"


पत्रिकावाला :

ताई, माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहावं-तेरावं, सगळं छापतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, पहिल्या दोन्हीत मला गती नाही.

इंकजेटची शाई पाण्यातली. पाऊस लागला की ती परत पाण्यात जाणारच, त्यात तुमची चूक नाही. लेसरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी असते, गरम रुळाखाली ती कागदावर वितळून बसते, पाण्याला दाद देत नाही. तेव्हा कलर लेसर असलेल्या झेरॉक्सवाल्याकडं जा. पण तुमचे रद्दीतले कागद घेऊन जाऊ नका. साध्या स्टिकर पेपरचा डिंक त्या गरम रुळावर पाघळतो, मशीनच्या आत चिकटतो, आणि मग तो माणूस तुम्हाला जे बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. पेपर लेसरला चालणारा आहे का, हे आधी विचारून घ्या.

ऊन. तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा मागं राहतो. मागच्या निवडणुकीची पोस्टरं बघा, मे महिना खाल्लेले सगळ्या पक्षांचे पुढारी निळे पडलेले असतात. म्हणून तुमचा सहा रंगांचा पट्टा उन्हात टिकणारच नाही, शेवटी दोनच रंग उरतील. उन्हातल्या जागेसाठी काळी अक्षरं धरा. रंग सावलीत लावा.

पान छापून झालं की कापायच्या आधी त्यावर रुंद पारदर्शक टेप ओढा, बुडबुडा न धरता, जुन्या एटीएम कार्डानं दाबत दाबत. मग कापा. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलतो, त्याखाली धूळ जाते आणि आपल्या गावात धुळीला काय कमी. कुणी नखानं ओरबाडून काढेल असं वाटत असेल तर लावायच्या आधी ब्लेडनं वरून तीन-चार बारीक चिरा द्या. ओढणाऱ्याच्या हातात तुकडाच येतो, अख्खा निघत नाही. वजनकाट्यावर सीलचे कागद असतात ना, तीच युक्ती. लावायची जागा कोरड्या फडक्यानं पुसा आणि सकाळी सातच्या आत लावा. दुपारच्या तापल्या पत्र्यावर डिंक पातळ होऊन सरकतो.

भिंतीवर मोठं काही लावायचं असेल तर स्टिकर परवडत नाही, त्याला मैद्याची खळ. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग उकळत्या पाण्यात सोडून हलवत राहायचं. बाइंडिंगवाले त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, किडा लागत नाही. मोरचूद विषारी, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. पण भिंत कुणाची तरी असते, हे लक्षात ठेवा.

माझ्याकडं छापायला आलात तर मी छापून देईन. खाली मुद्रक म्हणून नाव टाकणार नाही, एवढंच.


बिनकोटाचा :

लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोट अजून शिवायचाय. त्यामुळं हा सल्ला फुकटातला समजा.

काय लिहिलंय आणि कुठं चिकटवलंय, या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा. काय लिहिलंय त्याची भीती नको. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून, म्हणजे गुन्ह्यातून, बाहेर काढले. त्याच्या आधी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तेच केलं होतं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं, मग २०१८. या ये-जा मुळं लोकांचा अजून गोंधळ आहे. आमच्या वर्गातसुद्धा आहे, पास होणाऱ्यांचा. १ जुलै २०२४ ला तर भारतीय दंड संहिताच गेली आणि नव्या न्याय संहितेत ते कलम आलेलं नाही. लग्न कायदेशीर झालं असं मात्र लिहून बसू नका. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं तो हक्क मान्य केलेला नाही. मागायला कुणाची बंदी नाही.

कुठं चिकटवलंय याला कायदा आहे. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा १९९५ चा कायदा, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बसथांब्याचा खांब त्यात येतो. क्लासवाले, भाड्याने खोलीवाले, मूळव्याधवाले रोज तेच करतात, खरं आहे. पण त्यांना कुणी "घरी कोण कोण असतं, वडलांचा नंबर द्या" म्हणत नाही. तुम्हाला दंड एक वेळ परवडेल, चौकीतून घरी गेलेला फोन परवडणार नाही. म्हणून स्वतःच्या वस्तू : डबा, हेल्मेट, मोबाईलचं कव्हर, गाडी. नाहीतर मालकाला विचारून, जसं तुम्ही रिक्षावाल्या मामांना विचारलंत. देऊळ, दर्गा, किल्ला, पुतळे यांच्या आसपाससुद्धा नको. तिथं कायदा नंतर पोचतो, माणसं आधी पोचतात.


हुतात्मा_एक्सप्रेस :

माझं वय ५८. १९९२ ला सोलापूर सोडलं, तेव्हापासून पुण्यात. कधी आलो तर त्या गाडीनं येतो, म्हणून हे नाव.

आधी मास्तरांची बाजू घेतो. पारवा खरोखरच राहिला! गिल्बर्ट बेकरनं सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ ला पहिला झेंडा केला तो आठ रंगांचा होता आणि त्यात पारवा होता, फिरोजी होता, गर्द गुलाबीही होता. तीसेक माणसांनी कचऱ्याच्या मोठ्या डब्यांत रंग कालवून सुती कापड हातानं रंगवलं. म्हणजे आपल्याकडच्या रंगाटीचाच प्रकार. पुढं मागणी वाढली तेव्हा त्या गुलाबीचं कापड तयार मिळेना, तो गेला. १९७९ ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडा अर्धा-अर्धा टांगायचा होता, सात पट्ट्यांचे दोन सारखे भाग होईनात. मग फिरोजी गाळला, पारव्याच्या जागी साधा निळा घेतला आणि सहा उरले. तत्त्वबित्त्व काही नाही, मालाची टंचाई आणि मापाची अडचण. टॉवेलच्या पॅकिंगमध्ये काम करणारीला हे मी काय समजावू.

आणि पत्रिकावाले, तुमची खळ मोठ्या घराण्यातली आहे. १९८७ ला न्यूयॉर्कमध्ये एड्सनं माणसं पटापट जात होती आणि सरकार तोंड उघडत नव्हतं. तेव्हा सहा जणांनी मिळून एक पोस्टर केलं : काळा कागद, मध्ये गुलाबी त्रिकोण, खाली दोन इंग्रजी शब्दांत एवढंच की गप्प राहणं म्हणजे मरण. ते पिठाच्या खळीनंच रात्रीतून भिंतींवर चढलं. तो त्रिकोण नाझींच्या छावण्यांतला, समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर टोक खाली करून शिवायचे. यांनी तो उलटा केला, टोक वर. पुढं एड्सविरुद्ध लढणाऱ्या "ॲक्ट अप" या संघटनेनं तो उचलला. १९९० ला "क्वीअर नेशन" निघाली, त्यांचं हत्यार म्हणजे स्टिकर. भडक रंगांचे, खिशात गठ्ठा, जॅकेटवर लाव, खांबावर लाव. त्याच वर्षी आपल्याकडं मुंबईत "बॉम्बे दोस्त" हे आपल्या लोकांचं नियतकालिक सुरू झालं. मला त्याचा पहिला अंक बघायला मिळाला तो तीन हातांतून आलेला, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला, गणिताच्या गाइडसारखा.

हे सगळं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल. मला दुसरं एक सांगायचंय, ते कुठं मिळणार नाही.

सोलापुरात आमच्या वयाच्या पोरांना सूचनाफलक एकच होता, सार्वजनिक मुतारीची भिंत. त्यावर बहुतेक घाण. पण एका मुतारीत, कुठली ते सांगत नाही, विटेच्या तुकड्यानं लिहिलं होतं : "आणखी कोण आहे का?" त्याच्याखाली उभ्या रेघा. कुणी खडूनं, कुणी कोळशानं, एक नुसती नखानं कोरलेली. मी बघितलं तेव्हा सात होत्या. दोन दिवस मी तिथून चहा प्यायच्या निमित्तानं जा-ये केली आणि तिसऱ्या दिवशी आठवी रेघ मारली, घराच्या किल्लीनं. हात असा थरथरला की रेघ वाकडी आली. दिवाळीच्या आधी भिंतीला चुना मारला, गेलं सगळं. त्या सातांतला एकही मला कधी भेटला नाही. म्हणजे भेटलाही असेल, त्याच बसमध्ये बसला असेल, कळायला मार्ग नव्हता.

म्हणून म्हणतो, चौकात लावू नका. चौकात ज्याला गरज आहे तो थांबून वाचत नाही. वाचताना कुणी बघितलं की पुढच्या वेळी तो त्या खांबाकडं मानही वळवणार नाही. जिथं दाराला आतून कडी लागते तिथं लावा. आणि स्वतःचा नंबर अजिबात छापू नका. भेटायला बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि मग "घरी सांगू" म्हणून पैसे काढत राहायचं, हा धंदा मोबाईल आल्यापासून फार वाढलाय. माझ्या ओळखीतल्या एकानं त्यात गाडी विकली. नंबर द्यायचाच तर १४४१६ द्या, टेली मानस, मानसिक आधाराची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.


पॅकिंगखातं :

काका, ती आठवी रेघ वाचून मी जेवण तसंच ठेवून बसले. आईनं विचारलं काय झालं. म्हटलं, डोळ्यात शेंगा चटणी गेली.


पूर्वभाग :

मी पद्मशाली. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. पूर्व भागात माझ्यासारखे हजारांनी आहेत, तेलुगू बोलतात पण तेलुगू अक्षर वाचता येत नाही. म्हणून स्टिकर तेलुगूत काढायचा असेल तर देवनागरीत लिहा : "नुव्वु ओंटरिवि कादु." तू एकटा नाहीस किंवा एकटी नाहीस, काय म्हणायचं ते म्हणा. तीच तर गंमत आहे. "ओंटरि" बाई का बाप्या हे वाक्य विचारतच नाही. कन्नडमध्येही तसंच, "नीनु ओंटि अल्ल." तुमची मराठीच तेवढी भोचक, दारातच अडवून आधी लिंग विचारते.

मराठीत करायचं तर "तू" सोडा, "आपण" घ्या. आपणला लिंग नाही. "आपण आहोत." बाई वाचो, बाप्या वाचो, आणखी कुणी वाचो.

(पॅकिंगमध्ये माझी मावशी पण आहे, दुसऱ्या कारखान्यात. तिला मी कुठल्या पानावर काय लिहितो ते कळलं तर ओंटरि म्हणजे काय ते प्रत्यक्षात कळेल मला.)


पॅकिंगखातं :

पूर्वभागदादा, चार रात्री मी एकटा-एकटीवर डोकं फोडत होते, तुम्ही एका ओळीत संपवलंत. फक्त "आपण आहोत" जरा सभेच्या बॅनरसारखं वाटतंय. सोलापूरचं माणूस असं बोलत नाही. कुणी विचारलं, भाऊ आहे का घरात? तर आपण म्हणतो, आहे की.


टाळी :

सगळं वाचलं आणि हसू आलं. तुम्ही लोक लपून स्टिकर लावता. आमचं तोंडच स्टिकर आहे, एसटी स्टँडवर उतरलं की अख्खं गाव वाचतं, कुणी ओरबाडायलाही येतं. कोपरे गोल करून काही उपयोग नाही.

रागानं नाही बोलत बाळा, कर तू. पण तुझ्या पानात आम्ही कुठं आहोत ते बघ. माझी एक चेली तृतीयपंथीच्या ओळखपत्रासाठी एका कचेरीत तीनदा गेली. दोन वेळा साहेब नाहीत. तिसऱ्या वेळी साहेब होते आणि सगळ्या लायनीसमोर विचारलं, ऑपरेशन झालंय का. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे की माणूस स्वतःला काय समजतो तेच धरायचं, ऑपरेशनचा आग्रह धरणं बेकायदा. बारा वर्षांची पोरगी होती ती तेव्हा. आता मोठी झाली, लायनीत उभी राहिली, आणि साहेबापर्यंत ते अजून पोचलेलंच नाही. ती परत जायला तयार नाही. मी तिला ऑनलाइन अर्ज भरायला बसवलंय, २०२० पासून वेबसाइट आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं दाखला निघतो. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या लायनीत ती उभीच राहिली नसती.

रंगीत पट्टा आम्हाला नको. "ओळखपत्राचा अर्ज मोबाईलवरून होतो" एवढं लिहून दे. पानात चोवीस म्हणालीस ना, चार आमचे.


पॅकिंगखातं :

सहा घ्या अक्का. कुठं पाठवू ते सांगू नका इथं, मी रिक्षावाल्या मामांकडं ठेवते. कुठले मामा ते मी पण सांगत नाही, बालवाडीचा स्टिकर शोधा.


बिनकोटाचा :

अक्का, १५१०० पण टाकायला सांगा, मोफत कायदेशीर मदतीचा. आणि २०१४ चा तो निकाल मी छापून आणून देतो, मराठीत खाली दोन ओळी लिहून. साहेब होते त्या कचेरीत मीच येतो, कोट उसना मिळतो.


टाळी :

कोट नको. सकाळी लवकर ये.


पॅकिंगखातं :

तीन आठवडे झाले, पुढं काय झालं ते कळवायला लिहितेय.

पत्रिकावाल्यांनी सांगूनही मी रद्दीतला एक कागद लेसरला घालून बघितलाच. पुढचं त्यांनी लिहिलंय तसंच झालं. झेरॉक्सवाला पंधरा मिनिटं बोलत होता, मी ड्रमच्या साफसफाईचे पैसे दिले आणि नवा पेपर त्याच्याकडूनच घेतला, तेव्हा गप्प झाला. काय छापतोय ते त्यानं बघितलं. बघून म्हणाला, "कुठल्या कीर्तनाचं आहे का?"

कारण वाक्य असं झालंय. वर बारीक अक्षरात : "आणखी कोण आहे का?" त्याच्याखाली जाड : "आहोत की." तळाला १४४१६. काकांना विचारलं नाही, पण प्रश्न त्यांच्या भिंतीचा आहे, पूर्वभागदादांचं आपण त्यात लपलंय आणि "की" सोलापूरची. सहा रंग काढून टाकले. डाव्या कडेला एकच उभी पट्टी ठेवलीय, पारव्या रंगाची. दुसऱ्या पानावर बारा तेलुगू, सहा कन्नड, सहा अक्कांचे. अक्कांचे नेले कुणीतरी. मामा म्हणाले, दोघी आल्या होत्या, उलट त्याच आशीर्वाद देऊन गेल्या, भाडं पण दिलं.

पार्क चौकात मुद्दाम जाऊन आले. स्टिकरचा मागमूस नाही, कुणीतरी खरवडून काढलाय, डिंकाचा काळा चौकोन तेवढा दिसतो. खाली "पारवा राहिला" तसंच आहे. बॉलपेन पावसाला पुरून उरलं. तिथं नवा काही लावला नाही, बिनकोटाच्या दादांचं ऐकलं.

एक ठिकाणी नाही ऐकलं. आमच्या कारखान्यात बायकांच्या संडासाच्या दारावर, आतून, कडीच्या वर लावला. मालकांना विचारलेलं नाही. सोमवारी लावला. मंगळवारी होता. बुधवारी मला वाटलं सुपरवायझरबाईंनी बघितला, कारण त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज लेबलं वाकडी लागतायत तुझी." लागत होती, हात थरथरत होते. पण काढला नाही कुणी.

शुक्रवारी त्यावर एक टिकली होती. "आहोत की" च्या शेजारी, पारव्या पट्टीला अगदी खेटून. बायका तोंड धुताना टिकली काढून आरशाला लावतात, नळाच्या भिंतीला लावतात, घरी पण लावतात, माझ्या आईच्या मोरीत अशा दहा असतील. त्यामुळं कुणी नुसती काढून ठेवली असेल आणि विसरली असेल, असंही असू शकतं. पण त्या संडासात आरसा नाही आणि नळ बाहेर आहे.

टिकली मरून आहे, मध्यम मापाची. आमच्या खात्यात मरून लावणाऱ्या सहा जणी आहेत. मी कुणाकडं बघत नाहीये.

बघतेय.